जुना ट्रक घरी आणताना : शेतातल्या गवतातून पहिल्या फेरीपर्यंत

जुनी बुलेट नाहीतर जीप घेऊन ती नीट करत बसणारे नाशिकमध्ये गल्लोगल्ली सापडतील. ट्रकच्या वाटेला मात्र फारसं कुणी जात नाही, आणि कारण अगदी सरळ आहे. बुलेट बंद पडली तर ढकलत घरी आणता येते. पाच टनांचा, ब्रेक जाम झालेला, चाकं काळ्या मातीत रुतलेला ट्रक हलवायचा म्हटलं की घरचेच विचारतात, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

तरीही ज्याला घ्यायचाय तो घेणारच. त्याच्यासाठी हे लिहितोय. यातली निम्मी कामं इंजिनाला हात लावण्याआधीची असतात आणि बहुतेकांचे ट्रक तिथेच अडकतात. जागा, कागद, आणण्याची सोय, मग ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की अंगणात पाच टनांचं भंगार उभं राहतं आणि बायकोपुढे मान खाली घालावी लागते.

आधी जागा

साधा दोन एक्सलचा ट्रक लांबीला पंचवीस फुटांच्या आसपास आणि रुंदीला आठ फूट धरा. भोवती माणूस पाना घेऊन वाकू शकेल इतकी जागा चारही बाजूंनी हवी. शेड घालणार असाल तर उंची चौदा फुटांच्या खाली नको, कारण चेन-कप्पी लावून इंजिन बाहेर काढायची वेळ येणारच आहे. सोसायटीच्या पार्किंगचा विचार सोडून द्या. आडगाव, म्हसरूळ, सिन्नरकडे कुणाचा मळा किंवा अंबडला मित्राचा गाळा असेल तर तिथे बोलणी करा.

काळ्या मातीवर जॅक लावू नका. आपल्याकडची ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वीस टनांचा बाटली जॅक तिच्यात लोण्यासारखा शिरतो. मुरूम टाकून रोलर फिरवा आणि निदान चाकांखाली नि जॅकच्या जागी काँक्रीटचा पट्टा करून घ्या. पैसे कमी असतील तर रंगातले वाचवा, यातले नको.

कोणता घ्यावा

पहिलाच ट्रक असेल तर माझं मत टाटाच्या बाजूने आहे. टेल्को (म्हणजे आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन डेमलर-बेंझ यांच्या करारातून १९५४ साली जमशेदपूरला टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक बनायला लागले. तो करार १९६९ साली संपला आणि पुढे जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन टी आला. ताऱ्यावाला ट्रक मिळाला तर नशीब, पण त्याची किंमतही तशीच सांगितली जाते. शिकायला टाटाचा १२१० बरा. त्याचे आकडे वाचायला सोपे आहेत: १२ म्हणजे एकूण वजन बारा टन आणि १० म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. इंजिनाचंही तसंच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास); ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. विकणारा ६९७ म्हणून ६९२ गळ्यात मारत असेल तर प्लेट बघितल्यावर कळतं. या दोन्हींचे लायनर, पिस्टन, पॅकिंग शोधायला फार हिंडावं लागत नाही आणि द्वारका-आडगाव नाक्याच्या पट्ट्यात डोळे मिटून ते इंजिन उघडणारे मिस्तरी आहेत.

लेलँडचा कॉमेट दणकट आणि देखणा. पण सुटे भाग थोडे जपून शोधावे लागतात. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेले डॉज-फार्गो आणि हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड हे दुसऱ्या-तिसऱ्या ट्रकला ठेवा. त्यांच्या काचेच्या रबरापासून सगळं हुडकावं लागतं. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे नाशिककरांना शक्तिमान ओळखीचा आहे. मान (MAN) या जर्मन कंपनीच्या परवान्याखाली १९५९ पासून जबलपूरला बनलेला हा ट्रक चारही चाकांनी ओढतो. मोह होतो, पण पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) म्हणजे दुप्पट काम.

ट्रक कुठे उभा होता हे मॉडेलइतकंच महत्त्वाचं. एकाच जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकला पावसाची झोड असते आणि येवला-नांदगावला पाणी शोधावं लागतं. इगतपुरीच्या शेतात दहा पावसाळे काढलेल्या ट्रकपेक्षा नांदगावला वीस वर्षं धूळ खात पडलेला मी कधीही आधी बघेन.

बघायला जाताना हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि लांब दोरी घ्या. दोरी पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत चॅसीच्या बाजूने ताणली की वाकलेला सांगाडा लगेच दिसतो. चॅसीला जिथे दुहेरी पत्रा बसवलेला असतो तिथे नीट बघा. दोन पत्र्यांच्या मधे गंज फुगतो आणि रिव्हेट ताणून वर उचलतो. हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला भद्द वाजतो. केबिनचा तळ, दाराचा खालचा कोपरा, कमानीच्या पाट्यांचे हँगर इथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. केबिन कुजली असेल तर ती बांधता येते. चॅसी कुजली असेल तर नमस्कार करून परत या.

भावाचं गणित एकच. आरसीवरचं रिकामं वजन बघा, त्या आठवड्याचा लोखंडाच्या भंगाराचा दर विचारा, गुणाकार करा. त्याच्या खाली मालक येणार नाही, आणि बंद ट्रकला त्याच्या फार वर जायचं कारण नाही. केबिन मूळ कंपनीची आणि काचा शाबूत असतील तर मात्र हात थोडा सैल सोडा.

कागद

इथे घाई करणारा फसतो. आरसी, मालकाचं ओळखपत्र, कर भरल्याची पावती, आणि फायनान्स असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ एवढं आधी हातात घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारला असेल तर वारसांचं प्रकरण आधी मिटू द्या. "नंतर सही देतो" याला काही अर्थ नसतो. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि हे जिल्ह्याच्या आतही लागू आहे: मालेगावची एमएच-४१ ची गाडी नाशिकच्या एमएच-१५ ला आणायची तर एनओसी काढावीच लागेल. आरसीवरचा चॅसी नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळतो का ते स्वतः बघा. रॉकेलच्या चिंधीने पुसा, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो ठसा फाइलला लावून ठेवा. पुढे चॅसी घासताना त्या वितीभर जागेवर ग्राइंडर चालवायचा नाही, सँडब्लास्टिंगवाल्यालाही तिथे टेप लावून द्यायची.

नोंदणी रद्द झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायच्या भानगडीत पडू नका. सरकारी गाड्यांचंही तसंच: १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवली जात नाही आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रातच जातात. कुणी "एसटीचा जुना ट्रक आहे, मी देतो जमवून" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

विंटेज नोंदणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, त्यात नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. पण ते नियम दुचाकी आणि खासगी मोटारींभोवती बांधलेले आहेत, मालवाहू ट्रक त्यात सहज बसत नाही. म्हणून ट्रक घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन, हातात आरसीची प्रत ठेवून, या गाडीचं काय करता येईल ते विचारा. व्यावसायिक गाडी म्हणून जिवंत ठेवायची तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, शिवाय विमा, पर्यावरण कर. यातलं काही जमणार नसेल तरी छंद थांबत नाही. फक्त गाडी आपल्या आवारात फिरेल आणि बाहेर न्यायची तर लो-बेडवर, म्हणजे बुटक्या तळाच्या ट्रेलरवर जाईल.

आणणं

गाडी आणायचा काळ म्हणजे जानेवारी ते मे. पावसाळ्यानंतर काळी माती वरून कोरडी दिसते, पण हायड्रा क्रेन शेतात घातली की तीच रुतते आणि तिला काढायला दुसरी बोलवावी लागते.

"टोचन करून आणू" हा सल्ला हमखास मिळेल. साखळीने टोचन म्हणजे मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि बंद ट्रकला ते नसतात. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे हवा नाही, हायड्रॉलिक असेल तर आतली रबरं गेलेली. राहुड घाटात किंवा कसाऱ्याला अशी गाडी मागून अंगावर आली तर कुणाचं काय राहील? लोखंडी रॉडने ओढणं शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत, तेही चालण्याच्या वेगाने, एवढंच ठीक. त्याआधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअर बॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा दांडा, सोडा. गिअर बॉक्समधलं तेल इंजिनाच्या बाजूने फिरतं. नुसती मागची चाकं फिरली तर आतले बेअरिंग कोरडेच घासतात. रस्त्यावरून मात्र लो-बेड ट्रेलरच.

ट्रेलरवाल्याला फोन करायच्या आधी तीन गोष्टी मोजा: ट्रकची उंची, लांबी, आणि आरसीवरचं रिकामं वजन. हौद्यात माती, विटा पडल्या असतील तर त्या काढा, नाहीतर वजन फसवतं. शेताच्या वाटेवर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत आणि लो-बेड वळेल का, हे आदल्या दिवशी चालत जाऊन बघा. शहरातून येणार असाल तर अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा विचारून घ्या, नाहीतर लो-बेड मुंबई नाक्याच्या अलीकडे ताटकळत बसेल आणि थांबण्याचे पैसे तुमच्या माथी. ई-वे बिल (माल नेताना लागणारं ऑनलाइन बिल) लागतं का, हेही ट्रान्सपोर्टवाल्याकडून आधीच ठरवा.

चाकं फिरली पाहिजेत, ही खरी लढाई. टायर गेलेले असतात, म्हणून त्याच मापाची, त्याच बोल्टांच्या रचनेची हवा धरणारी चार चाकं उसनी मिळवून सोबत न्या. जुन्या बऱ्याच ट्रकांना डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. पाईप लावून जोर लावण्याआधी बोल्टच्या तोंडावर काय कोरलंय ते बघा. ड्रमला चिकटलेले ब्रेक सोडायला आधी अॅडजस्टर पूर्ण सैल करा, मग व्हील सिलिंडरचा हवा काढायचा स्क्रू उघडून दाब मोकळा करा, मग ड्रमच्या कडेवर चारही बाजूंनी जड हातोडीने टोले. एवढं केलं की बहुतेक चाकं एक कळवळून आवाज करतात आणि सुटतात. नंतरच्या एअर ब्रेकच्या गाड्यांत मागच्या ब्रेक चेंबरमध्ये दाबलेली स्प्रिंग असते. हवा नसताना तीच चाक धरून ठेवते. ती मागच्या बोल्टने ओढून कैद करायची असते. त्या चेंबरचा पट्टा उघडायचा नाही, कधीच नाही. आत दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.

चढवताना विंच हळू, एक माणूस स्टिअरिंगवर, आणि मागच्या चाकांमागे ठोकळा सरकवत एक माणूस. वायर रोपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढणारा पुतण्यासुद्धा. वर आल्यावर साखळ्या एक्सलला बांधा, बॉडीला नको. चार कोपऱ्यांतून, आडव्यातिडव्या. दारं, बॉनेट, सैल पत्रे तारेने आवळा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबून साखळ्या पुन्हा ताणा. त्या हमखास सैल झालेल्या असतात.

रिंग आणि ब्रेक

घरी आणल्यावर सगळ्यांचे डोळे इंजिनावर. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग मिस्तरी अशा वेळी म्हणतात, "शेठ, चालू तो हो जायेगी, रुकेगी कैसे?" त्यांचं ऐका.

जुन्या ट्रकची चाकं तुकड्यांची असतात: रिम, बाजूची कडी आणि ती धरणारी लॉक रिंग. आत ट्यूब आणि फ्लॅप. ९.०० × २० च्या टायरमधली हवा त्या रिंगला बंदुकीच्या गोळीसारखं उडवू शकते. म्हणून चाकाचा एकही नट सोडण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण घालवा. जोडचाकात दोन्हींची. रिंग गंजून पातळ झाली असेल, तडा असेल, टोकं नीट मिळत नसतील, तर भंगारात टाका. वेल्डिंग करून वापरू नका. वर्षानुवर्षं सपाट बसलेल्या टायरमध्ये पुन्हा हवा भरू नका, आतले धागे तुटलेले असतात. हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात आणि लांब पाईप लावून, बाजूला उभं राहून. पिंजरा नसलेल्या पंक्चरवाल्याकडे जाऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

ट्रक नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, लोखंडी घोड्या एक्सलखाली लावाव्यात हे सांगायला नको. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची रबरं सगळी नवी, पाईप नवे, होज नवे; यात "हे चालेल अजून" असं काही नसतं. हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडा, लालसर पाणी येईल. पाण्याऐवजी गंजाचे पापुद्रे यायला लागले तर टाकी बदला.

इंजिन

जाम इंजिन सुटतं, पण ज्याला धीर नाही त्याच्या हातून मोडतं. पहिलं म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी सहाही नोझल काढा. प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं मिश्रण ओता, चिंधीने झाका आणि विसरून जा. चार-सहा दिवसांनी परत थोडं ओता. स्टार्टर काढून त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी (लोखंडी पहार) घाला आणि एक दाता पुढे, एक दाता मागे, असं हलवायचा प्रयत्न करा. हललं नाही तर परत मिश्रण, परत चार दिवस. बॅटरी लावून स्टार्टरने झटका देणं म्हणजे लायनरला चिकटलेली पिस्टन रिंग मोडणं. एक दिवस तो दाता किंचित सरकतो, आधी अर्धा, मग एक, आणि नोझलच्या एखाद्या भोकातून तपकिरी पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. म्हणूनच नोझल काढायची. ती जागेवर असताना आत पाणी भरलेलं असतं आणि इंजिन जोराने फिरवलं, तर कनेक्टिंग रॉड वाकला म्हणून समजा.

पूर्ण फेरा बसल्यावर रॉकर कव्हर उघडून वॉल्व्ह खाली-वर होतात का बघा. अडकलेल्या वॉल्व्हवर इंजिन फिरवत राहिलात तर पुश रॉड वाकेल. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून धुवा. तळाशी जो काळा खरवडा बसतो तो फक्त ऑइल बदलून जात नाही.

डिझेलचा पंप आणि नोझल स्वतः उघडू नका. सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना असल्याने नोझल आणि पंप कळणारी माणसं नाशिकला मुबलक. मायको सर्कल हे नाव उगाच नाही पडलं. पंप कॅलिब्रेशनला द्या, नोझल टेस्टरवर फवारा समोर करून दाखवायला सांगा. धुक्यासारखा बारीक हवा, धार किंवा थेंब नको. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो कातडीतून आत जातो.

जुनी टाकी वापरायची घाई नको. पहिल्यांदा पाच लिटरचा स्वच्छ कॅन उंचावर टांगून त्यातून डिझेल द्या. टाकीला वेल्डिंग लागणार असेल तर ती आधी धुवून, वाफवून, त्या कामाच्या माणसाकडेच द्या. डिझेलच्या पाइपातली हवा काढायचा क्रम: हातपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून इंजिन फिरवायचं, डिझेल उसळलं की आवळायचं. त्याआधी नोझल न लावता इंजिन फिरवून ऑइलचा दाब काट्यावर येऊ द्या.

पहिल्या स्टार्टला दोन माणसं हवीत. पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली असेल तर डिझेल इंजिन सुसाट सुटतं, चावी बंद करून थांबत नाही. म्हणून एअर फिल्टरचा पाईप काढून ठेवा आणि दुसऱ्या माणसाच्या हातात हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी द्या. चिंधी नको, इंजिन ती आत ओढतं. बंद करायचा लिव्हर हाताने सहज हलतो का, हे चावी लावण्याआधी बघा. वायरिंगबद्दल एवढंच की गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, ते स्टार्टरच्या प्लेटवर वाचा आणि जुन्या सगळ्या वायरी काढून नवीन घाला.

केबिन आणि रंग

पूर्वी पुष्कळ ट्रक चॅसी म्हणूनच विकले जायचे आणि केबिन गावातला सुतार-पत्रेकार बांधायचा. त्यामुळे आत सागवानी सांगाडा निघू शकतो. तो कुजला असेल तर आधी प्रत्येक बाजूचे फोटो आणि मापं घ्या, दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या ठोका, मगच पत्रा उचला. आधार न देता उचलला तर दार परत कधीच नीट बसत नाही. मूळ रंग शोधायचा तर बिजागरीच्या मागे किंवा डॅशबोर्डच्या खाली नखाने खरवडा, एकावर एक थर दिसतील. रंगकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. कोरड्या थंडीत सिंथेटिक रंग छान बसतो, पावसाळ्यात त्यावर पांढुरकी झाक येते. मागच्या फळीवर "हॉर्न ओके प्लीज" लिहायचा मोह सगळ्यांना होतो. महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली आहे, तेव्हा रस्त्यावर नेणार असाल तर पेंटरला दुसरं काहीतरी सुचवा. फुलं, मोर, लिंबू-मिरची चालतं.

पहिली फेरी आपल्याच आवारात, पहिल्या गिअरमध्ये, आणि आधी पाच-दहा फुटांवर ब्रेक दाबून. मागे ठोकळा घेऊन एक माणूस चालत राहील. त्यानंतर महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, हवेच्या टाकीतलं पाणी सोडा, क्लच पाच-सहा वेळा दाबा. पावसाळ्याआधी चाकांवरचं वजन घोड्यांवर घ्या, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, ताडपत्री थेट केबिनवर न टाकता बांबूवर अंतर ठेवून बांधा. आणि एअर फिल्टर उघडून उंदरांनी घर केलंय का ते बघा, मळ्यात उभ्या असलेल्या ट्रकला ते हटकून आवडतं.